'व्हेरी नाइस' लिहिलेले ३६ कागद आणि न पेटलेले १८ दिवे

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने नववीच्या ३६ मुलांसाठी दोन दिवसांची इलेक्ट्रॉनिक्सची कार्यशाळा घेतली. प्रत्येकाने सोल्डरिंग करून, म्हणजे वितळवलेल्या धातूने (सोल्डरने) तारा जोडून, काळोख पडला की आपोआप पेटणारा छोटा दिवा बनवायचा होता. शेवटी इंग्रजी छापील फॉर्म भरून घेतला. पाचपैकी सरासरी ४.८ आली आणि खाली जवळजवळ सगळ्यांनी 'व्हेरी नाइस' लिहिलं. प्रत्यक्षात १८ दिवे पेटले, १८ पेटले नाहीत. मुख्याध्यापकांना अहवाल हवा आहे आणि जुलैमध्ये पुढच्या तुकडीची कार्यशाळा आहे. या फॉर्मांचं काय करायचं आणि पुढच्या वेळी अभिप्राय कसा घ्यायचा?

टीचर, न पेटलेले दिवे अजून शाळेत असतील तर टाकू नका. अभिप्राय म्हणून मी आधी तेच हातात घेईन. एकेक सर्किटची पाटी उलटी करा आणि खिडकीजवळ उजेडात धरा. चांगला सांधा चकचकीत दिसतो, मधून तार वर आलेली असते आणि तिच्या पायथ्याशी सोल्डर डोंगराच्या उतारासारखं पसरलेलं असतं. फसलेला सांधा मळकट, दाणेदार किंवा गोळीसारखा गोल असतो, आणि नखाने ढकललं की तार आत हलते. मुलं काय करतात, तर आयर्नच्या (सोल्डर वितळवायच्या तापत्या हत्याराच्या) टोकावर सोल्डर वितळवून घेतात आणि डिंकाचा थेंब टाकावा तसं सांध्यावर टाकतात. खालचं तांबं गारच राहतं, मग सोल्डर धरणार कुठून? असे गोळे बऱ्याच पाट्यांवर दिसले तर समजा, की 'आधी तांबं आणि तार दोन्ही तापव, मग सोल्डर लाव' हे आपण तोंडाने सांगितलं, पण ते त्यांच्या हातापर्यंत पोचलं नाही. सांधे चांगले असूनही एलईडी उलटा बसला असेल तर गडबड दुसरीकडे आहे. लांब पाय कोणत्या भोकात जातो, हे तुमच्या आकृतीवरून कळत नव्हतं. या दोन चुकांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. आणि दोन्ही चुका करणाऱ्या मुलांनी फॉर्मवर पाचवरच खूण केलेली असेल.

मी अठरा वर्षं गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत शाळांमधून हाताने करायच्या कार्यशाळा घेतो. सुरुवातीची कित्येक वर्षं मीही असेच फॉर्म जमवले, सरासरी काढली आणि दर वेळी त्याच चुका होऊ दिल्या. म्हणून हे थोडं तपशिलात लिहितो.

आधी तुमचा फॉर्म कधी भरला गेला ते आठवा. माझा अंदाज, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. प्रमाणपत्रं वाटून झाली असतील, हातात भाजी-पाव असेल आणि बाहेर बालरथ, म्हणजे शाळेची बस, हॉर्न वाजवत असेल. अशा वेळी कोणतंही मूल एका रांगेत पाच-पाच खुणा करून पळणार. खाण्याचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या तासाला काही गटांना चॉकलेटची बिस्किटं ठेवली आणि काहींना ठेवली नाहीत. ज्यांनी बिस्किटं खाल्ली त्यांनी शिक्षकांना आणि अभ्याससाहित्यालाही जास्त गुण दिले. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर होऊ घातलेल्या मोठ्या माणसांचं असं होतं, तर चौदा वर्षांच्या मुलांचं काय होणार? खाणं जरूर द्या, आमच्याकडे दोन-दोन बस बदलून येणारी मुलं असतात. फक्त कागद खाण्याच्या आणि प्रमाणपत्राच्या आधी, निदान अर्धा तास हाताशी असताना घ्या.

आता भाषा. माझ्या मते आपल्या गोव्यात अभिप्राय सगळ्यात जास्त इथेच मरतो. आपली मुलं घरी कोकणी बोलतात. सरकारी प्राथमिक शाळेत ती चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. नववीतल्या मुलाला इंग्रजीत धडा कळतो, पण 'सोल्डर पसरण्याऐवजी टोकालाच चिकटत होतं' हे त्याला इंग्रजीत लिहिता येत नाही. येतात ती तयार वाक्यं. म्हणून 'व्हेरी नाइस' हे अनेकदा कार्यशाळेबद्दलचं मत नसतं, त्या मुलाच्या इंग्रजीची ती हद्द असते. डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी फॉर्म बाजूला ठेवले आणि बाकावर बसून नुसतं विचारलं, "खंय अडलें?" (कुठे अडलं?) पहिल्याच मुलीने सांगितलं, "म्हाका आयर्न मेळूंकच ना." (मला आयर्न मिळालंच नाही.) तिच्या फॉर्मवर मघाशीच 'एक्सलंट' लिहिलेलं होतं.

म्हणून कागदावर प्रश्न मराठीत द्या, तोंडाने कोकणीतून समजावा आणि उत्तर कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत, चुका करत लिहायला सांगा. चित्र काढलं तरी चालेल म्हणा. एका मुलाने मला नुसती एक रांग काढून दिली होती: सात मुलं, आणि पुढे वायर सोलायचं एकच हत्यार. त्या दिवशी उशीर का झाला, ते मला त्या चित्रावरून कळलं.

तिसरी गोष्ट आपल्या संस्कारांची. शिक्षकांना नावं ठेवू नयेत, हे मुलं घरून शिकून येतात, आणि ते वाईट आहे असं मला वाटत नाही. पण मग 'कार्यशाळेत काय आवडलं नाही?' या प्रश्नाला उत्तर येत नाही. तोच प्रश्न वळवून विचारला की येतं: 'पुढच्या वर्षी तुझा धाकटा भाऊ किंवा बहीण या कार्यशाळेला आली, तर तिला आधीच काय सांगून ठेवशील?' मूल शिक्षकांविरुद्ध बोलणार नाही, पण बहिणीला सावध नक्की करेल. 'पहिल्या दिवशी पुढच्या टेबलावर बस, मागे प्लग ढिला आहे.' 'सर दाखवतात तेव्हा उभी राहा, बसून दिसत नाही.' 'रेझिस्टरचे रंग घरी पाठ करून जा.' तीन कागदांवरची ही तीन वाक्यं. प्रत्येकातून दुसऱ्या दिवशी सकाळीच करता येण्यासारखा एक बदल मिळाला.

खुणा करायच्या पट्ट्या मी जवळजवळ सोडून दिल्या आहेत. एक ते पाच किंवा सहमत-असहमत अशी मोजपट्टी अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली. मोठ्या लोकसंख्येचा कल मोजायला ती चांगली आहे. ३६ मुलांत ती काहीच वेगळं दाखवत नाही, कारण सगळे वरच्या टोकाला गोळा होतात. त्याऐवजी मोजता येणारी गोष्ट विचारा. 'सोल्डरिंग समजलं का?' असं न विचारता 'एकूण सांध्यांपैकी किती सांधे तू स्वतः आयर्न धरून केलेस?' असं विचारा. याचं उत्तर आकड्यातच येतं. त्यात कोणाची स्तुती नसते आणि कोणाचा अपमानही होत नाही.

या एका प्रश्नाने माझी कार्यशाळा बदलली. चौघांत एक आयर्न अशी आमची सोय होती. कागद आले तेव्हा गटागटांत तोच प्रकार दिसला. एकाने दहा-अकरा सांधे केलेले, दुसऱ्याने तीन-चार, आणि उरलेल्या दोघांच्या कागदावर शून्य किंवा एक. शून्यवाल्या बहुतेक मुली होत्या. त्या दिवसभर पाटी धरून, वायर कापून, सोल्डरचं रीळ सोडवून देत होत्या. खोलीत सगळे हात हलत होते, म्हणून मला सगळं उत्तम चाललेलं दिसत होतं. वाईट या गोष्टीचं वाटतं, की हे वर्षानुवर्षं घडत असणार आणि त्या मुली 'खूप आवडलं' लिहून घरी जात असणार. त्यानंतर नियम केला: दोन सांधे झाले की आयर्न उजवीकडच्याकडे जाणार, आणि ज्याच्या हातात आयर्न आहे त्याला इतरांनी बोटाने दाखवायचं, हातातून घ्यायचं नाही. पुढच्या शाळेत शून्य लिहिलेला एकही कागद आला नाही.

जमलं तर एक निरीक्षक नेमा. आयटीआयचा विद्यार्थी किंवा अकरावीतली एखादी मुलगी चालेल, फक्त तिने शिकवायचं नाही. कोपऱ्यात बसून दर दहा मिनिटांनी एवढंच लिहायचं: आता कोणत्या टेबलावर कोणाच्या हातात हत्यार आहे, आणि रांग कुठे लागली आहे. मुलं जे लिहितात आणि निरीक्षकाला जे दिसतं ते जिथे जुळत नाही, तिथे थांबून बघा. 'वेळ कमी पडला' हे वाक्य तर दर वेळी येणार. ते वाचून तिसरा दिवस वाढवू नका. आधी वेळ कुठे गेला ते निरीक्षकाच्या वहीत शोधा. आमचा वेळ वायर सोलण्यात जात होता. कोणी ब्लेडने सोलत होतं, कोणी चक्क दातांनी. मी दोनशे रुपयांची दोन हत्यारं आणखी घेतली आणि तक्रार जवळजवळ मिटली.

कार्यशाळा दोन दिवसांची असेल तर पहिल्या दिवसाच्या शेवटी कागद घेणं हे दुसऱ्या दिवसापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. अर्धा कोरा कागद, पाच मिनिटं, नाव लिहायचं नाही, प्रश्न दोनच: आज हात कुठे थांबला, आणि उद्या आधी काय पुन्हा दाखवू? शाळेत मुलांची अक्षरं शिक्षकांना ओळखता येतात हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कागद वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत. दाराशी पुठ्ठ्याचं खोकं ठेवा आणि जाताना टाकायला सांगा.

त्या रात्री कागद जमिनीवर पसरून ढीग करा. अडचण एक, ढीग एक. कोरे कागद वेगळे ठेवा, ते फेकू नका. कोरे जास्त असतील तर एक तर प्रश्न कळला नाही, नाहीतर मुलं इतकी मागे पडली आहेत की कुठे अडलं तेही त्यांना सांगता येत नाही. आणि सकाळी आल्या-आल्या, हजेरीच्या आधी, मुलांना सांगा: काल तुमच्यापैकी नऊ जणांनी ट्रान्झिस्टरचे तीन पाय कळले नाहीत असं लिहिलं, म्हणून आज मी तो मोठा पुठ्ठ्याचा करून आणलाय. दोघांनी प्रत्येकाला वेगळं आयर्न मागितलंय, ते या वर्षी जमणार नाही, आपल्याकडे नऊच आहेत. ही पाच मिनिटं कधीही वाचवू नका. आपण लिहिलेलं कोणीतरी वाचलं आणि त्यावरून काही हललं, हे मुलांनी एकदा पाहिलं की त्या संध्याकाळचे कागद दुप्पट भरलेले येतात. जे बदलणार नाही तेही कारणासकट सांगा. मुलं ते समजून घेतात. उत्तरच आलं नाही, तर मात्र ती लिहिणं सोडून देतात.

आधी आणि नंतर किती येत होतं हे विचारायचं असेल तर एक खबरदारी घ्या. सकाळी 'सर्किट जोडता येतं का?' विचारलं तर निम्मे हात वर जातात, कारण हल्ली त्यांनी खटाखट बसणारे तयार किट हाताळलेले असतात. संध्याकाळी खरं सोल्डरिंग करून झाल्यावर तीच मुलं स्वतःला कमी गुण देतात. कागदावर पाहिलं तर ती कार्यशाळेत येऊन मागे गेली असं दिसेल. प्रत्यक्षात त्यांच्या मनातलं माप बदललेलं असतं. जॉर्ज हॉवर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली याच अडचणीवर लिहिलं. उपाय सोपा आहे, दोन्ही प्रश्न शेवटीच विचारायचे: 'आता मागे वळून बघता काल सकाळी तुला किती येत होतं, आणि आज किती येतं?' तरीही हे मुलाचं स्वतःबद्दलचं मत आहे, हे विसरू नका. त्याच्या शेजारी पाटी ठेवाच.

आता यापेक्षा महत्त्वाचं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांत मांडलं: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, नंतर त्यांनी ते वापरलं का, आणि त्यातून शेवटी काय साधलं. आपले फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतात. पाट्या उलट्या करून पाहिल्या की दुसरी पायरी गाठली. तिसरीसाठी महिनाभर थांबावं लागतं, आणि तुमची कार्यशाळा जुलैत आहे म्हणजे मुहूर्त आयताच आहे. चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर, शाळा उघडली की वर्गात जाऊन एवढंच विचारा, "चवथीला घरी काही जोडलंस का?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा हात भराभर वर गेले. कोणी मखराला बॅटरीवरचे एलईडी लावले होते, एकीने आजोबांचा टॉर्च दुरुस्त केला होता. मी खुशीत होतो. मग मागच्या बाकावरच्या मुलाने सांगितलं, माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीवर, सोडलेली दिव्यांची माळ तुटली होती, ती त्याने जोडली. कशी? दोन्ही वायरी पिळल्या, सोल्डर घातलं, वर सेलोटेप गुंडाळली. प्लग काढला होता का, विचारलं. तो म्हणाला, आठवत नाही. ती माळ थेट २३० व्होल्टवर चालणारी होती. माटोळीच्या ओल्या फळा-पानांमध्ये, सेलोटेपमधली उघडी तार, आणि खाली घरातली लहान मुलं नाचत असणार. मला घाम फुटला. आम्ही त्याला जोडायला शिकवलं होतं, कशाला हात लावायचा नाही ते शिकवलं नव्हतं. कारण आमच्या खोलीत मुलं जे जोडत होती ते सगळं नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच चालणारं होतं, त्यामुळे तो विषय आमच्या डोक्यात आला नाही. कार्यशाळेच्या दिवशीच्या कोणत्याही फॉर्मवर ही गोष्ट कधीच आली नसती.

त्या वर्षापासून दुसऱ्या दिवसाचा शेवटचा अर्धा तास फक्त यासाठी ठेवतो. भिंतीतल्या विजेवर चालणारं काहीही उघडायचं नाही, मोठं माणूस शेजारी असलं तरी आणि प्लग काढलेला असला तरी. आपण शिकलो ते बॅटरीपुरतं. सेलोटेप म्हणजे इन्सुलेशन टेप नव्हे, दोन्ही हातात देऊन फरक दाखवतो. आणि तेच चार ओळींत मराठीत छापून पालकांसाठी घरी पाठवतो. तुम्ही बाकी काही केलं नाही तरी जुलैत एवढं नक्की करा. चवथ त्यानंतर लगेच येते.

मोबाइलवरचा गुगल फॉर्म या वयाला मी वापरत नाही. फोन वडिलांचा असतो, तो संध्याकाळी घरी येतो, आणि ज्यांना आवडलं तीच मुलं आठवणीने भरतात.

मिळालेल्या सगळ्या सूचना एकाच वेळी अमलात आणायचा मोहही टाळा. एका कार्यशाळेत दोन बदल, फार तर तीन. नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. मी एक वही ठेवतो. डाव्या पानावर मुलांनी काय लिहिलं, उजव्या पानावर काय बदललं आणि पुढच्या शाळेत पाट्या कशा आल्या. मोठ्यांचे कितीही अभिप्राय आले तरी पुढच्या तयारीला बसताना मी ती वही उघडतो.

राहिला मुख्याध्यापकांचा अहवाल. ४.८ हा आकडा त्यात लिहायचा तर लिहा, पण एकटा लिहू नका. आणि टक्केवारी टाळा. ३६ मुलांत '३६ पैकी ७' हेच जास्त खरं वाटतं आणि कळतंही. पानाच्या वर हे लिहा: ३६ पैकी १८ दिवे पेटले, न पेटलेल्यांपैकी इतक्यांत सांधे कच्चे, इतक्यांत एलईडी उलटा, इतक्यांत दुसरंच काही. त्याखाली जुलैमध्ये करणार असलेले दोन बदल आणि त्यासाठी लागणारा खर्च. अठरा न पेटलेले दिवे कागदावर आले तर कार्यशाळा फसली असं वाटेल, ही भीती मला समजते. कोणी म्हणेलही, की त्यापेक्षा तुम्ही पुढे उभं राहून करून दाखवा, मुलं बघतील, सगळे खूश. तेव्हा त्यांना हार्वर्ड विद्यापीठातला भौतिकशास्त्राचा अनुभव सांगा, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला आहे. ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः झटून प्रश्न सोडवले, त्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, पण चाचणीत त्यांचेच गुण जास्त आले. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं होतं. हाताने करताना माणूस अडतो, आणि अडल्यामुळे त्याला आपल्याला येत नाही असं वाटतं.

अहवालासोबत एक पेटलेला आणि एक न पेटलेला दिवा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा, दोन्ही उलटे करून. आणि न पेटलेले बाकीचे सतरा त्या-त्या मुलांना परत द्या, एका शनिवारी आयर्न तापवून. नववीतली मुलं अजून तुमच्याच शाळेत आहेत. कच्चा सांधा पुन्हा तापवून दुरुस्त करायला एका मुलाला दोन मिनिटं लागतात. तेव्हा शेजारी उभं राहून विचारा, "खंय अडलें?"